ओल कापून

धडगावच्या बाजारात मी आमचूर मोजतो.
एकवीस वर्षं. आधी काटा दोरीचा होता,
मग लोखंडी, आता आकडे लाल दिव्यात उमटतात.
माणसं डोंगरावरून तशीच उतरतात,
पहाटे तीनला निघून, डोक्यावर गोणी,
चपला हातात.

पांढरं, पिवळट, काळं:
आमचूर तीन जातींचं.
पांढऱ्याला चार उन्हं लागतात
एकामागून एक, मध्ये खंड नको.
कैरी पाडायची, साल काढायची,
फोडी खडकावर पसरायच्या
आणि शेळीपासून राखत बसायचं.
आभाळापासून राखायला
आधी कुणी बसत नव्हतं.

फोड तोंडात टाकली की मला पाडा कळायचा.
ही बिलगावकडची, आंबटाला धार.
ही तोरणमाळच्या उताराची, उशिरा मोहरलेली,
हिला मागून धुक्याची चव.
आता सगळ्यांचीच सारखी लागते,
जरा कुबट,
अडीच दिवस गोधडीखाली झाकून ठेवलेल्या उन्हासारखी.

परवाच्या बाजाराला बोयजाबाई पावरा आली.
गोणीचं तोंड तिनं सोडलं नाही, मीच सोडलं.
काळं.
मोहर दोनदा आला, म्हणाली.
पहिला धुईनं जाळला, दुसरा वाऱ्यानं.
राहिलं ते गारांनी खाली आणलं.
गार केवढी ते तिनं हातानं दाखवलं,
बोरापासून सुरू करून मूठ वळेपर्यंत.
पोरांनी आधी गारा खाल्ल्या,
मग कैऱ्या वेचल्या.
फोडी वाळत घातल्या त्याच रात्री
अस्तंब्यावर ढग बसला
आणि तीन दिवस उठला नाही.

शेठचा नियम आहे:
माल ओलसर असेल तर शेकडा आठ ओल कापायची.
मी कापली.
सत्तावीस किलोतून दोन.

ती लाल आकड्यांकडे बघत राहिली.
"दोन किलो कशाचे गेले?"
पाण्याचे, म्हणालो.
"पाणी माझं नव्हतं. ते वरून आलं."
म्हणूनच कापलं, बाई.
"मग ज्याचं आहे त्याच्याकडून काप की, भाऊ."

रांगेतले दोघंतिघं हसले. मीही हसलो,
हसण्यासारखं होतं म्हणून नाही,
पुढची गोणी उतरवायची होती.

रात्री जुन्या वह्या काढल्या.
आखाजीनंतरची पहिली गोणी, तिसरी गोणी,
नावं, वजनं, डाव्या अंगठ्यांचे निळे डोंगर.
ओलीचा रकानाच नव्हता त्यांत.
तो मी मागाहून आखला,
फूटपट्टी नव्हती म्हणून वाकडा.
पहिल्या वर्षी त्यात दोन आकडे,
दुसऱ्या वर्षी पानभर,
यंदा तो नावाच्या रकान्यात घुसलाय.
बेरीज केली. सहाशे बारा किलो.
एका मोसमात मी एवढं आभाळ कापलं
आणि कुठंच जमा केलं नाही.

एक सांगायचं राहिलं.
पैसे पदराच्या गाठीत बांधताना
बोयजाबाईनं विचारलं होतं,
मुलगा म्हणतो, आंबे तोडून टाकू.
अकरा झाडं आहेत. सासऱ्यानं
खांद्यावरून पाणी वाहून जगवलेली.
तो गुजरातेत ऊसतोडीला जाणार आहे,
जायच्या आधी तोडतो म्हणतो.
"लाकडातही ओल कापतात का?"

लाकडाचा काटा वेगळा असतो, मी म्हणालो.
इथे नाही, शहाद्याला.

तिनं रिकाम्या गोणीची घडी केली,
डोक्यावर ठेवली आणि चढणीला लागली.
दुपारचा दीड वाजला होता.
ऊन चांगलं होतं. कोरडं, पांढरं,
खडक चटके देईल असं.
तसंच चार दिवस लागतं.